अर्धशिशी आणि ‘निर्धोक’ औषधाचा हट्ट

कोल्हापुरात अर्धशिशीचा विषय निघाला की बोलणे फिरून फिरून एकाच ठिकाणी येते : डॉक्टरी गोळ्यांनी किडनी जाते, साइड इफेक्ट नसलेले काहीतरी बघावे. मग सूर्य उगवायच्या आत दुधातली जिलेबी, कपाळाला सुंठेचा लेप, नाकात गाईच्या तुपाचे थेंब, नाहीतर ‘शंभर टक्के निर्धोक’ अशी हमी छापलेला एखादा काढा. या बोलण्यामागची भीती खरी आहे. जे दुखणे वर्षानुवर्षे परत परत येणार, त्याच्यावरचे औषधही वर्षानुवर्षे पोटात जाणार. त्याने आणखी काही बिघडणार नाही ना, हे विचारणारा माणूस शहाणाच म्हटला पाहिजे. माझा विरोध या प्रश्नाला नाही, त्याला मिळणाऱ्या तयार उत्तराला आहे. निर्धोकपणा औषधाच्या कुळात असतो, झाडपाल्याचे ते निरुपद्रवी आणि कारखान्यातले ते घातक, असे ते उत्तर धरून चालते. प्रत्यक्षात औषध कोणाला दिले, किती दिले आणि महिन्यातले किती दिवस दिले, यावर ते तापदायक की सोसण्याजोगे हे ठरते. हे लक्षात न घेतल्यामुळे माणसे दुष्परिणाम टाळायला निघतात आणि नेमकी जास्त दुष्परिणामांच्या वाटेला लागतात.

आधी दुखण्याचे माप घेऊ, कारण ते लहान समजले गेल्यामुळेच पुढचे सगळे बिघडते. अर्धशिशीचा झटका औषध न घेता चार तासांपासून बहात्तर तासांपर्यंत टिकतो. डोके ठणकते, उजेड आणि आवाज नकोसा होतो, मळमळ सुटते, उलटी होते. आपल्याकडे ‘पित्त उठले’ म्हणून याची बोळवण होते, आणि कित्येक घरांत मूळ दुखणे बाजूला राहून वर्षानुवर्षे पित्ताच्या गोळ्या चालू असतात. उलटी हे या दुखण्याचेच एक अंग आहे, त्याचे कारण नव्हे. शेजारच्या कर्नाटकात, बेंगळुरू आणि भोवतालच्या भागात घरोघरी जाऊन झालेल्या पाहणीत वर्षभरात अर्धशिशी झालेल्या प्रौढांचे प्रमाण २५.२ टक्के, म्हणजे चारांत एक, निघाले. बायकांत ते पुरुषांपेक्षा बरेच जास्त होते. माणसाला कामातून उठवणाऱ्या आजारांच्या जागतिक मोजणीत २०१६ च्या आकड्यांनुसार अर्धशिशीचा क्रमांक दुसरा होता. वैशाखातले ऊन, नवरात्राचे नऊ दिवसांचे उपास, इचलकरंजीच्या यंत्रमागांवरची रात्रपाळी आणि तिथला खडखडाट, गणपतीतली डॉल्बी : झटका उठवायला लागणारे सगळे सामान या जिल्ह्यात बारमाही आहे. ‘काहीच न घेता सोसणे’ ही सर्वांत निर्धोक वाट आहे असे मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की वारंवार येणारे झटके तसेच सोडले, तर काही जणांचे दुखणे महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस धरून बसते. सोसण्यालाही दुष्परिणाम असतो. फक्त तो कुठल्या वेष्टनावर छापलेला नसतो, आणि आपल्या घरांत तो बहुतेक वेळा बाईच्या वाट्याला येतो.

डॉक्टरी औषध नको म्हणणाऱ्या घरातच वेदनाशामक गोळ्यांची पट्टी मात्र फडताळात तयार असते. तिला कोणी औषध मानतच नाही. ती ‘डोक्याची गोळी’. मेडिकलच्या दुकानात नाव सांगितले की मिळते, चिठ्ठी लागत नाही. अर्धशिशीच्या रुग्णाला होणारे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी ओळखले जाणारे नुकसान इथे होते. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याला स्वतंत्र निदान आहे : औषधाच्या अतिवापराने होणारी डोकेदुखी. तीन महिन्यांहून अधिक काळ साध्या पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या महिन्यात पंधरा वा त्याहून जास्त दिवस, किंवा कॅफिन मिसळलेल्या मिश्र गोळ्या, अर्गटामिन, ट्रिप्टान ही औषधे दहा वा त्याहून जास्त दिवस घेतली, तर ज्याच्यासाठी गोळी घेतली तेच दुखणे गोळीमुळे वाढू लागते. गोळी उतरली की डोके चढते, म्हणून पुन्हा गोळी. मेंदूची वेदना दाबणारी यंत्रणाच या चक्रात बदलत जाते. इथे हिशेब गोळ्यांचा नसून दिवसांचा आहे. एका दिवशी योग्य मात्रेत दोन गोळ्या घेणाऱ्यापेक्षा रोज सकाळी ‘दुखू नये म्हणून’ अर्धी गोळी घेणारा जास्त धोक्यात असतो, आणि ही अर्धी गोळी घेणारा माणूस स्वतःला काटकसरी समजत असतो.

मिश्र गोळ्यांचा प्रश्न तर आणखी अवघड. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, तेव्हा डोकेदुखीवरची घरोघरी पोचलेली सॅरिडॉनही त्या यादीत होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तिला बंदीतून वगळले. बंदीचा आणि सुटकेचा गाजावाजा झाला, पण कॅफिन असलेली गोळी महिन्यातले किती दिवस घ्यावी हे त्या गदारोळात कोणी सांगितले नाही. अर्गटामिनच्या मिश्र गोळ्या आजही आपल्याकडे खपतात. हे औषध रक्तवाहिन्या आवळते. हृदयविकार असलेल्याने किंवा गरोदर बाईने ते घेऊ नये. शिवाय एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन ही घशाच्या-छातीच्या संसर्गावर सर्रास दिली जाणारी प्रतिजैविके सोबत चालू असतील, तर हातापायांचा रक्तपुरवठा तुटण्याइतका धोका संभवतो. एका दवाखान्यातून खोकल्याचे औषध आणि परस्पर दुकानातून डोक्याची गोळी घेणाऱ्याला ही गाठ कोण सांगणार?

‘किडनी जाते’ या वाक्यातही सत्याचा अंश आहे आणि तो मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या महिनोन्महिने रोज घेतल्या, त्यात वय जास्त, रक्तदाब, मधुमेह किंवा शरीरात पाण्याची कमतरता असली, तर मूत्रपिंडाला इजा होते, जठरात व्रण होतो. पावसाळ्यात जिल्ह्यात डेंग्यू असतो, तेव्हा तापासोबतच्या डोकेदुखीला यातली गोळी घेणे रक्तस्रावाच्या दृष्टीने धोक्याचे आहे. पण याच कुळातले जुने आणि स्वस्त ॲस्पिरिन बघा. कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात अर्धशिशीच्या झटक्यात एकदाच घेतलेले १००० मिलिग्रॅम ॲस्पिरिन हे ५० मिलिग्रॅम सुमाट्रिप्टान या अर्धशिशीवरच्या खास औषधाच्या जवळपास बरोबरीला उतरले, आणि त्रासदायक परिणाम बहुतेक सौम्य व तात्पुरते निघाले. म्हणजे धडधाकट प्रौढाला महिन्यातून दोन-तीन झटक्यांत, झटका सुरू होताच पुरेशा मात्रेत दिलेले ॲस्पिरिन हा कमी दुष्परिणामांचा चांगला पर्याय आहे. तेच व्रण असलेल्याला, डेंग्यूच्या तापात, लहान मुलाला किंवा रोजच्या सवयीने दिले तर घातक आहे. गोळी एकच, तिला एकच गुणपत्रक देता येत नाही.

आता ‘नैसर्गिक’ या शब्दाकडे येतो. या वादात सर्वांत जास्त भार तो वाहतो, आणि पुरावा त्याच्या बाजूने सर्वांत कमी उभा राहतो. युरोपात बटरबर नावाच्या वनस्पतीच्या मुळाचा अर्क अर्धशिशीवर दिला जात असे. त्याच्या चाचण्या झाल्या, झटके कमी होतात असे दिसले, आणि २०१२ मध्ये अमेरिकेतील मेंदूतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने, त्याला शिफारशींत सर्वांत वरचा दर्जा दिला. २०१५ मध्ये ती शिफारस मागे घ्यावी लागली, कारण यकृताला इजा झाल्याच्या नोंदी पुढे आल्या. वनस्पती होती, परिणामकारक होती, आणि निर्धोक नव्हती. हे समजले ते फक्त कोणीतरी मोजत होते म्हणून. आपल्याकडचे उदाहरण गुळवेलीचे. करोनाच्या काळात प्रतिकारशक्तीच्या नावाखाली ती घरोघरी प्यायली गेली, आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद झाला, तो व्हायलाच हवा होता. धातूंचा प्रश्न वेगळाच. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बॉस्टनच्या दुकानांत विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. २००८ च्या मोठ्या पाहणीत, इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ उत्पादनांत हे प्रमाण पुन्हा पाचांत एकच निघाले. शिशाच्या विषबाधेचे एक लक्षण डोकेदुखी हेच आहे.

यावर आयुर्वेदाचा अभ्यासक म्हणेल की शोधन नीट न केलेल्या औषधावरून शास्त्राला दोष देऊ नका, सुश्रुतापासून ‘अर्धावभेदक’ वर्णिलेला आहे, शेकडो वर्षांचा अनुभव पाठीशी आहे. वर्णनाबद्दल मला आदरच आहे. अर्धे डोके फोडून निघाल्यासारखे दुखते हे निरीक्षण आजही तंतोतंत बसते. पण रोग ओळखता येणे आणि उपायाचा गुण-दोष ठरवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अर्धशिशीच्या बाबतीत अनुभव विशेष फसवा ठरतो. हे दुखणे आपोआप थांबते. माणूस उपाय शोधतो तो सर्वांत वाईट महिन्यात, आणि सर्वांत वाईट महिन्यानंतरचा महिना बहुधा बरा असतोच. यात आशेचा परिणाम मिळवला की कुठलाही उपाय लागू पडल्यासारखा दिसतो. याचा सर्वांत ठळक पुरावा आधुनिक औषधांच्याच चाचणीतून आला आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत ८ ते १७ वर्षांच्या मुलांना प्रतिबंधक म्हणून अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट किंवा औषध नसलेली फसवी गोळी दिली. डोकेदुखीचे दिवस निम्म्याने वा त्याहून जास्त कमी झालेल्या मुलांचे प्रमाण अनुक्रमे ५२, ५५ आणि ६१ टक्के होते. खऱ्या औषधांनी त्रास मात्र जास्त दिला. चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. डॉक्टरांनी आपल्याच औषधाविरुद्ध निघालेला हा निकाल छापला. हाच निकष काढ्याला, लेपाला आणि जिलेबीला लावा एवढेच मी म्हणतो. सुंठेला तो काही अंशी लावलाही गेला आहे : इराणमधल्या शंभर रुग्णांच्या चाचणीत पोटात घेतलेली सुंठपूड आणि सुमाट्रिप्टान यांचा गुण सारखाच दिसला. तिथे फसव्या गोळीचा तिसरा गट नव्हता, म्हणून निकाल कच्चा आहे, पण सुंठ तपासण्याजोगी आहे असे म्हणायला तो पुरेसा आहे. कपाळाची कातडी भाजणारा लेप मात्र या चाचणीच्या नावावर खपवू नये.

‘मनाचा का असेना, गुण येतो ना, मग नुकसान काय?’ या प्रश्नाला उत्तर सोपे आहे. मधुमेह असलेल्याला पहाटे जिलेबी चारणे हे नुकसान आहे. पण त्याहून मोठे नुकसान निदान हुकण्याचे. अचानक, क्षणात टोकाला गेलेली डोकेदुखी, तापासह मान आखडणे, हात-पाय किंवा बोलणे लुळे पडणे, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेले दुखणे, बाळंतपणानंतरचे वाढत जाणारे दुखणे : यांतले काहीही असेल तर ती अर्धशिशी समजून घरी थांबणे जिवावर बेतू शकते. निर्धोक उपाय चालू आहे या समाधानात उपचाराचे मोलाचे तास निघून जातात.

झटके महिन्यातून चार-पाचच्या पुढे गेले की रोजच्या प्रतिबंधक औषधाचा विचार करावा लागतो, आणि ‘सर्वांत कमी साइड इफेक्टचे औषध कोणते’ हा प्रश्न इथे सर्वांत जास्त विचारला जातो. त्याला एक उत्तर नाही. प्रोप्रॅनोलॉल स्वस्त आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत अर्धशिशीच्या प्रतिबंधासाठी त्याचे नाव आहे. रक्तदाब असलेल्याला ते एका दगडात दोन पक्षी मारते. दम्याच्या रुग्णाला मात्र ते देऊच नये. अमिट्रिप्टिलिनने झोप येते, तोंड कोरडे पडते, वजन वाढते. निद्रानाश असलेल्या सडपातळ माणसाला हीच झोप उपकारक, तर पहाटेच्या पाळीला यंत्रासमोर उभ्या राहणाऱ्याला अपायकारक. टोपिरामेटने वजन घटते, हातापायांना मुंग्या येतात, बोलताना शब्द आठवेनासे होतात, मूतखडा होऊ शकतो. शिक्षकाला किंवा वकिलाला ते नको, मुतखड्याचा इतिहास असलेल्यालाही नको. फ्लुनारिझिन आपल्याकडे फार लिहिले जाते. अमेरिकेत त्याला मान्यताच नाही. त्याने वजन वाढते, मन उदास होते, आणि उतारवयात हातापायांचा कंप, मंद हालचाल अशी कंपवातासारखी लक्षणे उद्भवू शकतात. तीन महिन्यांसाठी लिहिलेली चिठ्ठी दाखवून तीन वर्षे गोळी आणली जाते, आणि मग त्या कंपावर वेगळे औषध सुरू होते. दोष फ्लुनारिझिनचा थोडा, ते कधी थांबवायचे हे न सांगण्याचा अधिक.

सर्वांत गंभीर प्रकरण व्हॅल्प्रोएट या प्रतिबंधक औषधाचे, आणि तिथे मला ठामपणे बोलले पाहिजे. गरोदरपणात हे औषध चालू असेल तर सुमारे दहा टक्के बाळांत गंभीर जन्मजात व्यंग आणि तीस ते चाळीस टक्के मुलांत बौद्धिक वाढीचे प्रश्न आढळतात. २०१८ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने अर्धशिशीसाठी गरोदर स्त्रीला ते देण्यास पूर्ण मनाई केली, आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला गर्भनिरोधाची पक्की व्यवस्था असल्याखेरीज देऊ नये असे ठरवले. टोपिरामेटवरही २०२३ मध्ये तसेच निर्बंध आले. अर्धशिशी ही प्रामुख्याने याच वयातल्या बायकांची व्याधी आहे. नव्याने लग्न झालेल्या मुलीला ‘झटके कमी होतील’ एवढेच सांगून ही गोळी देणे म्हणजे तिचा निर्णय तिच्या नकळत घेणे आहे. उलट दिशेचीही एक गोष्ट : झटक्याआधी डोळ्यांपुढे वेड्यावाकड्या चमकत्या रेषा येणाऱ्या स्त्रीला इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने त्या तिला वर्ज्य ठरवल्या आहेत. तपासताना हा एक प्रश्न विचारला जायला हवा.

इतके सांगितले तर रुग्ण घाबरून औषधच सोडेल, असे काही डॉक्टर म्हणतात. या म्हणण्याला पुरावा आहे. अर्धशिशीच्या चाचण्यांचा एकत्रित अभ्यास २००९ मध्ये झाला, तेव्हा फसव्या गोळीवर असलेल्या लोकांनाही नेमके त्याच औषधाचे दुष्परिणाम जाणवल्याचे दिसले, ज्याच्याशी तुलना चालू होती. अपस्माराच्या औषधांच्या चाचणीत फसव्या गोळीनेही स्मरण कमी झाल्याच्या तक्रारी आल्या. भीती स्वतः लक्षणे निर्माण करते. पण यातून न सांगण्याचा अधिकार मिळत नाही, नीट सांगण्याची जबाबदारी येते : काय होऊ शकते, किती जणांना होते, कधी ओसरते, आणि काय झाले तर लगेच परत यायचे. रुग्णाला भीती घालणारी यादी वेष्टनातल्या कागदावर आणि मोबाइलवर मिळतेच. तिला प्रमाण देणारा माणूस त्याला दवाखान्यात भेटला पाहिजे. तो भेटत नाही म्हणूनच ‘शंभर टक्के निर्धोक’ म्हणणारा भेटतो.

खरोखर कमी त्रासाचे उपाय हवे असतील तर ते आहेत, आणि त्यांना पुरावाही आहे. स्वीडनमध्ये २०११ साली ९१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटांचा व्यायाम, शिथिलीकरण आणि टोपिरामेट यांची तुलना झाली. झटके कमी होण्यात तिघांत लक्षणीय फरक निघाला नाही. दुष्परिणाम टोपिरामेटच्या गटात तिघांतल्या एकाला, इतर दोन गटांत कोणालाच नाही. दिल्लीच्या एम्सने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत औषधांच्या जोडीला योग करणाऱ्यांची डोकेदुखी तीन महिन्यांत जवळपास निम्म्यावर आली, नुसत्या औषधांच्या गटात ती १२ टक्के घटली. योग गटाच्या गोळ्याही जवळजवळ निम्म्या झाल्या. रंकाळ्याच्या काठाने पहाटे चालणे आणि तालमीची परंपरा असलेल्या गावात हा सल्ला परका वाटू नये. तरी दोन गोष्टी लपवू नयेत. एम्सच्या चाचणीत योग औषधांच्या जागी नव्हता, जोडीला होता. आणि आपण योग करतोय हे रुग्णाला ठाऊक असते, त्यामुळे आशेचा वाटा त्यात मिसळलेलाच. वेळेवर झोप, वेळेवर जेवण आणि उपासाच्या दिवशी पोट पूर्ण रिकामे न ठेवणे यांनाही हेच लागू आहे : उपयोग आहे, पण चढलेला झटका यांनी उतरत नाही.

नवी औषधे आली आहेत, ती सर्वांत सुरक्षित, असाही एक सूर सुशिक्षितांत ऐकू येतो. झटक्याच्या वेळी सीजीआरपी नावाचे प्रथिन रक्तात वाढते हे पीटर गोड्सबी आणि लार्स एड्विन्सन यांनी १९९० मध्ये दाखवले, आणि त्याला अडवणारे पहिले प्रतिबंधक इंजेक्शन, एरेनुमॅब, २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. गुंगी नाही, वजन वाढत नाही. ही मोठी प्रगती आहे. पण मान्यतेनंतर दोन वर्षांच्या आत त्याच औषधाच्या माहितीपत्रकात तीव्र बद्धकोष्ठता आणि रक्तदाब वाढण्याचे इशारे घालावे लागले. आणि ज्याची किंमत पगारदार घरालाही झेपत नाही, ते औषध हातकणंगल्याच्या शेतमजूर बाईसाठी कमी दुष्परिणामाचे आहे की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो मी सर्वांत गंभीरपणे घेतो. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जिल्ह्यातून, तळकोकणातून, सीमाभागातून माणसे येतात. तिथल्या डॉक्टरला एका डोकेदुखीमागे इतका विचार करायला वेळ कुठला? वेळ कमी आहे हे खरे. पण दमा आहे का, मूल हवे आहे का, रक्तदाब किती, मुतखडा झाला होता का, काम कसले आहे आणि गेल्या महिन्यात किती दिवस गोळी घेतली, हे विचारायला दोन-तीन मिनिटे लागतात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तर रुग्ण घरूनच आणू शकतो : भिंतीवरच्या कालनिर्णयात दुखल्याच्या दिवशी एक खूण आणि गोळी घेतल्याच्या दिवशी दुसरी. ही नोंद मागायचे काम आशाताई करू शकतात, प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका करू शकते. आणि चिठ्ठीशिवाय डोक्याच्या गोळ्यांची पट्टी देणाऱ्या दुकानदाराने, या महिन्यात किती दिवस गोळी घेतली, एवढे विचारून दहा दिवसांच्या पुढे गेलेल्याला डॉक्टरकडे पाठवावे, ही मागणी जिल्ह्यातल्या औषध विक्रेत्यांच्या संघटनेकडे आणि अन्न व औषध प्रशासनाकडे आजच करता येण्याजोगी आहे.